सकाळच्या सातचा वारस

मी, ‘पुस्तक बां’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुस्तकबांधणीच्या दुकानाची मालकीण, वय सत्तरीच्या पुढे, धंदा बांधणी, स्वभाव लेकीला विचारावा, माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेचे काय करावे ते स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ती तपासायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि वर त्या अर्धा तास उशिरा आल्यात हेही सांगितलं. त्यांनी लगेच दाखला लिहून दिला.

हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. या घरात दडपण आणायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे आणि ते मी अजून कोणाला सोपवलेलं नाही.

वकीलसाहेबांनी मला दोन सूचना केल्या. मृत्युपत्रात भावना लिहू नका, आणि खाडाखोड करू नका. पहिली सूचना मला मान्य नाही. वकीलसाहेबांची कायद्याची पुस्तकं मीच बांधते, त्यामुळे भावना नसलेलं पुस्तक कसं दिसतं ते मला माहीत आहे. दुसरी सूचना मान्य आहे. आमच्या धंद्यात चुकलेला टाका उसवला तरी कागदाला भोक राहतंच. म्हणून वर लिहिलेलं पुढे चुकीचं ठरलं, तर ते मी खोडणार नाही, खाली नवीन कलम घालेन. वकीलसाहेब म्हणाले, दोन कलमांचं भांडण लागलं तर कायदा नंतरच्या कलमाची बाजू घेतो. चला, कायद्याला थोडंफार कळतं म्हणायचं.

कलम १. घर

दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, वर जाणारा जिना व जिन्याखालची अडगळ ही सर्व माझ्या एकुलत्या एका लेकीच्या मालकीची होतील. त्यात कोणीही हिस्सा मागू नये.

लेक पाणीखात्यात पहाटपाळीला आहे. ती अंधारात उठून जाते, मोठा व्हॉल्व्ह फिरवते, तेव्हा अर्ध्या शहराच्या नळांना पाणी येतं. तोंड धुताना तिची आठवण कोणी काढत नाही, पण पाणी जरा उशिरा आलं की सगळे मिळून तिचा उद्धार करतात. ही नोकरी तिला जमते ती माझ्या वळणामुळे, असं माझं मत आहे. तिचं मत वेगळं आहे. ती म्हणते, “आई, तू मला कानाशी दोन पुठ्ठे आपटून उठवायचीस. अजून रस्त्यात पुठ्ठ्याचं खोकं दिसलं तरी मला जाग येते.” मी म्हटलं, “जागीच असतेस ना रस्त्यात?” त्यावर तिने डोळे चोळले. पहाटपाळी नुकतीच सुटली होती, डोळे लाल होते.

कलम २. शिल्लक

बँकेत जे असेल तेही लेकीचे. आकडा ऐकून चक्कर येण्याइतका मोठा नाही. उभ्यानेच ऐकावा.

कलम ३. ह्यांच्या वस्तू

माझे दिवंगत पती, यापुढे ‘हे’, यांनी हुरुपाने सुरू करून अर्ध्यावर सोडलेल्या वस्तू घरभर आहेत. त्या कचरा समजून कोणी फेकू नयेत. त्यांची वाटणी अशी: एका बाहीचा स्वेटर लेकीला. दार नसलेलं कपाटही तिलाच, त्यात स्वेटर ठेवावा. गच्चीवरचं सूर्यघड्याळ, ज्यावर फक्त दुपारी बारापर्यंतचे आकडे कोरलेले आहेत, ते शेजारच्या कुलूपवाल्यांना द्यावं. ते जेवल्यावर झोपतात, त्यांना तेवढं पुरेल. स्वयंपाकघराची भिंत ह्यांचा हात दुखेपर्यंत हिरवी आहे आणि तिथून पुढे पांढरी. तिला कोणीही रंग लावू नये.

हे माणूस म्हणून सोन्यासारखे होते. पण सकाळी उठल्यावर ह्यांचे डोळे चमकायला लागले की मी आधी पैशांचा डबा लपवायची. अशाच एका सकाळी हे हातगाडीवर लोखंडी दाबयंत्र घालून घेऊन आले. चार माणसं लागली ते उतरवायला.

“हे काय?” मी विचारलं.

“आपण पुस्तकं बांधायची!”

“तुम्हाला येतं?”

“येईल की! त्यात काय आहे?”

महिनाभर ह्यांनी अगदी जीव ओतून काम केलं. मग पाटी रंगवायला शिडीवर चढले. ‘पुस्तक बां’ इथवर आले आणि रस्त्यावरून कोणीतरी मासे धरायचा गळ घेऊन चाललेला ह्यांना दिसला. शिडीवरून उतरले ते थेट त्याच्यामागे नदीवर. ‘धणी’ आजतागायत रंगलेलं नाही. ती पाटी बघून लोक मला ‘बांवाल्या बाई’ म्हणायला लागले, आणि गिऱ्हाइकांनाही तेच नाव सोपं वाटलं.

मी दुकान चालवलं ते कसल्या हौसेने नाही. दाबयंत्र दारात अडकलं होतं, ते बाहेर काढायला कोणी तयार होईना, आणि आत अर्धवट बांधलेली पुस्तकं पडली होती. त्यांचे मालक रोज दारात येऊन उभे राहायचे. मग बसले आणि शिकले. हुरूप आला म्हणून मी एकही पुस्तक बांधलेलं नाही, आणि हुरूप नाही म्हणून एकही परत केलेलं नाही.

कलम ४. जावई

माझा जावई, यापुढे ‘ज्वालामुखी’, यास माझे गजराचे घड्याळ देण्यात यावे. दुसरे काहीही देऊ नये.

नावाचा खुलासा करते. जावयाचा धंदा लोकांना पेटवण्याचा आहे. कारखान्यातले कामगार, कचेऱ्यांतले कारकून, दुकानांतले विक्रेते यांना सभागृहात बसवतात आणि हा माणूस व्यासपीठावर उड्या मारतो, टाळ्या पिटतो आणि ओरडतो, “आज आपण काय करणार?” खालून सगळे ओरडतात, “जिंकणार!” आणि मग सगळे जेवायला जातात. याच विषयावर त्याने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तक छापलं: ‘ज्वालामुखी तुमच्या पलंगाखाली’. बांधलं मी. बांधणी उत्तम आहे. न खपलेले गठ्ठे दुकानात पडून आहेत, आणि खळ लावलेले पुठ्ठे सपाट राहावेत म्हणून त्यांवर वजन ठेवायला त्यांच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. बाकी पुस्तकाचा मला झालेला उपयोग एवढाच.

पहाटे उठण्यावर त्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. लिहिणारा स्वतः दहाला उठतो. लग्नाची बोलणी करायला पहिल्यांदा आमच्या घरी आला तो तासभर उशिरा, आणि आल्या आल्या वेळेचं मोल या विषयावर बोलायला लागला. मी लेकीकडे बघितलं. ती हसत होती. ह्यांच्याकडे बघून मीही एकेकाळी अशीच हसले होते, त्यामुळे पुढे काही बोलायला मला तोंडच राहिलं नाही.

जेवताना आमचा वाद ठरलेला असायचा.

“आई, माणसाला आतून वाटलं पाहिजे. आतून वाटल्याशिवाय केलेलं काम म्हणजे नुसती हमाली.”

“जावईबापू, आतून काय वाटतंय हे विचारून मी रोज उठले असते, तर तुमची बायको उपाशी वाढली असती.”

“पण रोज तेच तेच करून माणसाचं यंत्र होतं हो!”

“यंत्र वेळेवर चालतं. भाजी घ्या.”

तो भाजी घ्यायचा, पोटभर जेवायचा आणि जाताना वाकून म्हणायचा, “आई, तुमच्याशी भांडलं की कसं मस्त वाटतं!” अशा माणसाशी धड वैरही करता येत नाही. घड्याळ त्यालाच द्यावं. त्याचा गजर मला कधी ऐकावा लागला नाही, कारण मी त्याच्याआधी उठते. ज्वालामुखीला तो बराच ऐकू येईल.

कलम ५. दुकान

आता मुख्य गोष्ट. हे दुकान सकाळी सातला उघडतं. गिऱ्हाईक असो नसो, पाऊस असो, ताप असो. दार उघडलं की मी चहा घेत नाही, कोणाशी बोलत नाही. आधी एक जुज शिवते. जुज म्हणजे पानांना मधोमध घडी घालून केलेला छोटा गठ्ठा. असे जुज एकावर एक शिवत गेलं की पुस्तक होतं. माझा रोजचा जुज कोऱ्या कागदाचा असतो आणि तो आदल्या दिवशीच्या जुजावर शिवला जातो. पुस्तक जाड झालं की त्याला पुठ्ठा चढवायचा आणि दुसरं सुरू करायचं. मागच्या फळीवर अशी कोरी पुस्तकं ओळीने उभी आहेत. माझ्या पश्चात ती कोणी चाळत बसू नये. त्यात काहीही लिहिलेलं नाही.

ज्या सकाळी हे गेले, त्या सकाळीही मी खाली आले आणि जुज शिवला. लोक म्हणाले, बाईला काळीज नाही. काळीज होतं. ते फार धडधडत होतं म्हणूनच हातात सुई घेतली.

माझी एकच इच्छा होती की मी नसले तरी सातला हे दार उघडावं. लेकीला विचारलं. वाटलं होतं, हिच्या अंगात माझं रक्त आहे, ही नाही म्हणणार नाही. ती म्हणाली, “आई, दुकान नको मला.”

“का गं? काम येतं तुला. माझ्याहून बारीक टाका घालतेस.”

“काम येतं. उठवत नाही. मला आयुष्यात एकदा पोटभर झोपायचंय, आई. कोणी न उठवता जाग येईपर्यंत. एवढंच मागणं आहे माझं.”

मी तिच्यावर रागावले. खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. मग ज्वालामुखी म्हणाला, “आई, इथे आपण प्रेरणाकेंद्र काढू! या भिंतीला आरसे, त्या भिंतीला पडदा, मधे उड्या मारायला जागा!” तेव्हा माझा निर्णय झाला. सदर दुकान, दाबयंत्रासह, शेजारच्या कुलूपवाल्यांना देण्यात यावे. त्यांनी ते कायमचे बंद करावे आणि आपल्या हाताने बनवलेले सर्वांत मोठे कुलूप त्यास लावावे. ज्वालामुखीस उंबरठ्याच्या आत येऊ देऊ नये.

कलम ६. मधल्या काळाबद्दल

वरचं कलम लिहून मी पेनाला टोपण घातलं आणि त्यानंतर काही महिने हे कागद तसेच पडून राहिले. त्याचं कारण असं.

ज्वालामुखी आपल्या व्याख्यानांच्या जाहिराती चकचकीत कागदावर छापतो आणि न वाटलेल्या जाहिराती माझ्या दारामागे आणून ठेवतो. एका सकाळी मी दार उघडलं, वाऱ्याने त्यातली एक जाहिरात फरशीवर येऊन पडली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘पाय घट्ट रोवा!’ मी त्यावर पाय रोवला.

उजवं मनगट मोडलं, खुब्याला मार बसला. मनगट जुळलं, पण प्लास्टर काढल्यावर बोटं वळेनात. सुई धरणं तर सोडाच, पेला धरता येईना. हाताला व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या, यापुढे ‘व्यायामवाली’. त्यांनी मला एक रबरी चेंडू दिला. “रोज दाबायचा, आजी. थोडा थोडा. चुकवायचं नाही.” मी म्हटलं, “मला शिकवताय?” त्या गेल्या आणि मी चेंडू उशीखाली ढकलून दिला.

जन्मभर मी सगळ्यांना सांगत आले की इच्छा होण्याची वाट बघू नये. आता मी भिंतीकडे तोंड करून पडून होते आणि इच्छा होण्याची वाट बघत होते. ती येईना. सात वाजायचे, खाली दार बंद असायचं, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. हेच फार भयंकर होतं. हात मोडला तेव्हा मी रडले नव्हते. कशाचंच काही वाटत नाही हे कळलं तेव्हा रडले. तेही भिंतीकडे बघूनच.

लेक पहाटपाळीला. मग माझ्याजवळ सकाळी कोण थांबणार? तर ज्वालामुखी!

कलम ७. ज्वालामुखीच्या सकाळी

पहिल्या दिवशी तो सहालाच आला. केस उभे, शर्टाची बटणं वरखाली. पलंगासमोर उभा राहिला, टाळ्या पिटल्या आणि ओरडला, “आई! आज आपण काय करणार?” मी डाव्या हाताने चेंडू काढला आणि त्याला फेकून मारला. त्या चेंडूचा मी केलेला पहिला उपयोग तो. नेम चांगला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने टाळ्या पिटल्या नाहीत. नुसता बसला, थोड्या वेळाने बसल्या बसल्या झोपला. मला जरा बरं वाटलं, माणूस निदान ओळखीचा तरी होता.

तिसऱ्या दिवशी तो वर आला तेव्हा त्याच्या हातात माझं अर्धवट जाड झालेलं कोरं पुस्तक, सुई आणि दोऱ्याचं रीळ होतं.

“काय करताय?” मी भिंतीकडे बघतच विचारलं.

“जुज शिवतोय.”

“कोणी सांगितलं?”

“कोणी नाही.”

“येतं का तुम्हाला?”

“नाही.”

त्याने लागोपाठ दोनदा सुई बोटात घुसवून घेतली, दोनदा “आई गं” म्हणाला, आणि ते मला उद्देशून नव्हतं. मी पडल्यापासून चुकलेल्या दिवसांचे जुज नंतर एकदम शिवून जागा भरून काढू का, असंही त्याने विचारलं. मी म्हटलं, “जे दिवस गेले ते गेले. ज्या दिवसाचा त्या दिवशी.” तेवढ्यापुरतं बोलले आणि पुन्हा भिंत.

तो रोज यायला लागला. यायचा, जांभया द्यायचा, डोळे चोळायचा, आणि शिवायचा. मी वाट बघत होते की आज नाही येणार, उद्या नाही येणार. ह्यांच्याबरोबर संसार केलेला आहे मी, हुरूप कितव्या दिवशी ओसरतो ते मला बरोबर माहीत आहे. तो दिवस आला. जावई आला तो अगदी मरगळलेला, चेहऱ्यावर कसलाही हुरूप नाही, आदल्या दिवशीचं व्याख्यान रद्द झालेलं. मी मनात म्हटलं, संपलं. तो बसला आणि त्याने सुईत दोरा ओवला.

आता त्याच्या शिवणीबद्दल. माझी पाठ असली तरी सैल दोऱ्याचा आवाज मला कळतो. घट्ट दोरा कागदातून जाताना कसा सरसर जातो. याचा दोरा फरफटत जायचा. एक दिवस ऐकलं, दोन दिवस ऐकलं, दात ओठ खात किती दिवस ऐकणार? एका सकाळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी वळले.

“अहो, तो दोरा आहे की कपडे वाळत घालायची दोरी? ओढा जरा!”

“ओढला तर पान फाटतंय, आई.”

“फाटेलच! तुम्ही स्वतःकडे ओढताय. घडीच्या रेषेत ओढा.”

“म्हणजे कसा?”

“म्हणजे कसा काय? आणा इकडे!”

आणि मी हात पुढे केला. उजवा. पुढे केला तेव्हा मला लक्षातही नव्हतं तो मोडलाय म्हणून. जावयाने पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं, दोरा हातात दिला, आणि बोटं वळली नाहीत. दोरा खाली पडला. मग मात्र मी त्याच्यासमोर रडले, सत्तरी ओलांडलेली बाई, लहान पोरीसारखी हुंदके देऊन. मला वाटलं, आता हा म्हणणार, ‘आपण जिंकणार’. म्हटला असता तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं. त्याने दोरा उचलला, माझ्या डाव्या हातात दिला आणि स्वतः पान धरून बसला. मी डाव्या हाताने ओढला, घडीच्या रेषेत. सरसर गेला. त्या दिवशीचा जुज आम्ही दोघांनी शिवला. अतिशय वाकडा आहे. फळीवरचं शेवटून दुसरं पुस्तक बाजूने बघितलं तर तो लगेच दिसतो.

तो गेल्यावर मी उशीखालून चेंडू काढला. मला बरं व्हायची इच्छा झाली होती असं कोणी समजू नये. त्या माणसाची शिवण मला बघवत नव्हती, एवढंच. पण उठायला तेवढं कारण पुरलं.

बऱ्याच आठवड्यांनी, मी जिना उतरायला लागले तेव्हा, एकदा जेवताना त्याला विचारलं. “खरं सांगा, जावईबापू. रोज सकाळी यावंसं वाटायचं का तुम्हाला?”

“एकदाही नाही,” तो म्हणाला. “गजर झाला की तुम्हाला, मला, त्या सुईला, सगळ्यांना शिव्या घालायचो.”

“मग का येत होतात?”

“एक दिवस चुकवला असता तर दुसऱ्या दिवशी आलो नसतो. मी स्वतःला चांगला ओळखतो, आई. तुम्ही चुकवलं असतं तरी परत सुरू केलं असतंत. माझ्याकडे तेवढी शिल्लक नाही. मला चुकवून चालणारच नव्हतं.”

जेवणाच्या टेबलावरच्या आमच्या सगळ्या वादांत मी पहिल्यांदा हरले. मी म्हटलं, “भाजी घ्या.”

कलम ८. दुकानाबद्दल पुन्हा

सबब कलम ५ मध्ये काहीही म्हटलेले असले तरी, सदर दुकान, दाबयंत्र, भोकं पाडायच्या आऱ्या, सुया, खळीचे भांडे, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि फळीवरची सर्व कोरी पुस्तके माझ्या जावयास देण्यात यावीत. यापुढे त्यास या मृत्युपत्रात ‘ज्वालामुखी’ म्हणू नये. लेकीला हे मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, “बरं झालं बाई!” आणि जांभई दिली. कुलूपवाल्यांनाही सांगितलं. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. एवढं मोठं कुलूप बनवायचं म्हणजे त्यांची दुपारची झोप गेली असती.

अटी अशा. दार सातला उघडावे. आधी जुज, मग चहा, मग बोलणे. आरसे लावू नयेत. उड्या मारायच्या असल्यास रस्त्यावर जाऊन माराव्यात. चकचकीत कागद दाराजवळ ठेवल्यास वारसाहक्क संपुष्टात येईल. व्याख्याने संध्याकाळी देण्यास हरकत नाही. हल्ली तो व्यासपीठावरून सांगतो की मला रोज सकाळी अजिबात इच्छा होत नाही. मी एकदा मागे बसून ऐकलं. कोणी ‘जिंकणार’ म्हणून ओरडलं नाही, पण जेवायची घंटा झाली तरी दोघंतिघं बसून राहिले होते.

पाटी पूर्ण करू नये. जावयाला एकदा तशी उबळ आली होती, शिडीही लावली होती. मी त्याला उतरवलं. ह्यांना त्या एका सकाळी हुरूप आला नसता तर मी कुठल्या दारात सातला उभी राहिले असते? ‘पुस्तक बां’ तसंच राहू द्यावं. नाहीतरी पाटी पुरी झाली तर गिऱ्हाइकांना दुकान सापडायचं नाही.

कलम ४ मधले गजराचे घड्याळ जावयाकडेच राहील. आता ते त्याला चिडवायला दिलेलं नाही, वापरायला दिलेलं आहे.

कलम ९. अंमलबजावणी

हे सर्व अमलात आणायचे काम वकीलसाहेबांनी करावे. त्यांनी सात ही वेळ साडेसात समजू नये. त्यांची ती सवय मला माहीत आहे.

कलम १०. झोप

हे कलम कायद्यात बसत नाही असं वकीलसाहेब म्हणाले. बसवा, मी म्हटलं.

मी जाईन त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानाच्या वरच्या खोलीत झोपलेल्या माझ्या लेकीला कोणीही उठवू नये. गजर लावू नये, हाका मारू नयेत, पुठ्ठे तिच्या खोलीच्या आसपासही नेऊ नयेत. पडदे ओढून घ्यावेत. पहाटपाळीला त्या दिवशी दुसरा माणूस पाठवा असं तिच्या साहेबांना मी सांगून ठेवलं आहे. त्यांना नाहीच जमलं, तर शहराने एक दिवस उशिरा तोंड धुवावं, कोणी मरत नाही. भेटायला येणाऱ्यांनी दहाच्या आत येऊ नये. आले तर जिन्यात गळा काढू नये, जिना पोकळ आहे, आवाज थेट वर जातो. ती दचकून उठली आणि ‘किती वाजले?’ म्हणाली, तर तिच्या नवऱ्याने खालून हातातला जुज टाकून पळत वर येऊ नये. तिथूनच सांगावं, “झोप गं. आईने सांगितलंय. दुकान उघडलंय.”

ठिकाण: दुकानातलं खिडकीजवळचं टेबल
दिनांक: डॉक्टरीणबाईंनी आज दिलेल्या नव्या दाखल्यावर आहे तोच. वेळ सकाळची, जुज शिवून झाल्यावरची.

सही: बांवाल्या बाई
(उजव्या हाताची सही आहे. वाकडी आहे, पण माझीच आहे.)

आमच्या समक्ष व एकमेकींच्या समक्ष सही झाली:

साक्षीदार १: डॉक्टरीणबाई (आज वेळेवर आल्या)
साक्षीदार २: व्यायामवाली

(कुलूपवाल्यांना साक्षीदार व्हायचं होतं. पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले. त्यांनी विचार करून सूर्यघड्याळ घेतलं.)